सदतीस नंबरची किल्ली

सदतीस नंबरची किल्ली सुनबोकच्या खुंटीवर लटकत होती आणि सदतीस नंबरची बाई हाकेला ओ देत नव्हती.

"सदतीस!" सुनबोकने दुसऱ्यांदा हाक मारली आणि मळ काढायच्या ओल्या पलंगावर दोन्ही तळहात आपटले. वाफेतून कुणीच उठून आलं नाही.

नववर्षाच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी पहाटे घरोघर पूर्वजांना पान वाढायचं, म्हणून यंगदो बेटाच्या चढावरची झाडून सारी बायकामाणसं वर्षाचा मळ काढायला ओकसेम या सार्वजनिक न्हाणीघरात लोटली होती. बसायला एक स्टूल मोकळं नव्हतं. जी उठून गरम पाण्यात गेली, तिनं आपली टोपली स्टुलावर ठेवलेली. टोपली असली की ती जागा तिची, मग ती तासाभराने येवो की दोन तासांनी. कुणी हात लावत नाही.

सुनबोक तिथे मळ काढण्याचं काम करते. तेवीस वर्षं झाली. वय सहासष्ट, बुटकी, मनगटं पुरुषासारखी, आणि कामाचे कपडे म्हणजे काळी काचोळी आणि काळी चड्डी. बाकी सगळ्या उघड्या, म्हणून ती तेवढ्यातच साहेबिणीसारखी दिसते. तिच्याकडे मळ काढून घ्यायचा तर घोट्यातली कपाटाची किल्ली काढून तिच्या भिंतीवरच्या खुंट्यांना ओळीने लावायची आणि पाण्यात जाऊन बसायचं. नंबर आला की ती हाक मारते. तीन हाकांत आलं नाही की किल्ली ओळीच्या शेवटी जाते. मालकीण असो की मोलकरीण, नियम एकच. सुनबोकला कसला गर्व असेल तर तो या खुंट्यांचा.

पण सदतीस नंबर म्हणजे हाकशिम आजी. वय एक्क्याऐंशी, आणि दोन्ही कानांनी बहिरी, अगदी कानाशी ओरडलं तरच थोडं ऐकू येणारी. ती हाकेला येणार नाही हे सुनबोकइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला तिचा नंबर आला की सुनबोक स्वतः उठून जायची, गरम पाण्याच्या कोपऱ्यात बसलेल्या आजीच्या खांद्याला ओला हात लावायची आणि धरून आणायची. याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली.

"मावशी, मी नऊपासून बसलेय," बेचाळीस नंबर म्हणाली. बाजारात चष्म्याचं दुकान आहे ना, त्याची मालकीण. "बोटं बघा माझी. सुकट झालीय सुकट."

"तुमच्याआधी सदतीस आहे."

"आहे कुठे? हाक मारलीत, आली का? मागच्या रविवारी माझी वहिनी दूध घ्यायला दोन मिनिटं बाहेर गेली, तर तीन हाकांत तिची किल्ली मागे टाकलीत. मग ही मैत्रीण म्हणून शोधायला जाणार? नियम आम्हालाच का?"

ती हे काही हळू बोलली नाही. फरशीच्या खोलीत साधं बोलणंही घुमतं. आजूबाजूच्या दहा-बारा जणींनी अंग घासणं थांबवलं. एकजण म्हणाली, "बरोबर आहे की." दुसरी म्हणाली, "म्हातारीचं वेगळं असतं गं." तिसरी नुसतीच हसली.

सुनबोकने गरम कुंडाकडे पाहिलं. वाफेआड नेहमीच्या कोपऱ्यात गुलाबी टॉवेल गुंडाळलेलं डोकं दिसलं. आहे तिथेच, तिने मनात म्हटलं. बसू दे अजून अर्धा तास, काय विरघळतेय का.

"तीन हाका ना? मोजा तुम्हीच," ती म्हणाली, आणि जिला ऐकू येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तिला तिने तिसरी हाक मारली. "सदतीस!"

मग किल्ली उचलून सगळ्यात शेवटच्या खुंटीला लावली. "या, बेचाळीस. पालथ्या पडा."

हे मला तिनेच नंतर सांगितलं, माझ्या पाठीचा मळ काढता काढता. म्हणाली, किल्ली मागे लावताना हात जरा जड झाला होता. पण रागात माणूस हाताचं ऐकत नाही.

बेचाळीस नंबर पालथी पडली. सुनबोकने खरखरीत हिरवा हातमोजा चढवला आणि मानेपासून सुरुवात केली. तिचं काम ज्यांनी करून घेतलंय त्यांना माहीत आहे, ती बोलत नाही. एक बाजू झाली की कमरेवर दोन थापा मारते. पोकळ तळव्याने, थाप-थाप. म्हणजे वळा. कुशीवर, मग उताणं, मग दुसऱ्या कुशीवर. पलंगावर पडलेली बाई झोपली असली तरी त्या दोन थापांवर वळते. वर्षानुवर्षांची सवय असते अंगाला. हाकशिम आजीला तर त्याच थापा कळायच्या, बाकी काही कळायचं नाही.

दोघींची ओळख न्हाणीघरातली नव्हे. सुनबोक एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेच्या एका बेटावरून यंगदोला आली, ती जहाजांचा गंज काढायच्या कामावर. इथल्या गोदीत तेव्हा ते काम बायकाच करायच्या. जहाजाच्या कुशीला दोरांवर फळी टांगायची, दोघी-दोघींनी त्या फळीवर बसायचं आणि टोकदार हातोडीने लोखंडावरचा गंज ठोकून पाडायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंभर हातोड्यांचा आवाज. कानांत कापसाचे बोळे घालायच्या, पण त्याचा काय उपयोग होणार? चाळिशीला पोचेपर्यंत कान जायचेच. हाकशिम तेव्हा चौतिशीची. तिने नव्या पोरीला आपल्या फळीवर घेतलं आणि गाठ कशी मारायची ते शिकवलं.

तिसऱ्या महिन्यात सुनबोकची गाठ सुटली. फळीचं तिच्या बाजूचं टोक खाली गेलं आणि ती घसरली. तिच्या हातातली हातोडी सुटली ती हाकशिमच्या डाव्या पायावर. करंगळी तिथल्या तिथे गेली. पण हाकशिमच्या हाताला सुनबोकची वेणी लागली होती आणि तिने ती सोडली नाही. वरून माणसं दोर घेऊन येईपर्यंत एका हाताने दोर, एका हाताने वेणी. सुनबोकच्या डोक्यावर मागे रुपयाएवढी जागा आजही बोडकी आहे. आणि हाकशिमच्या डाव्या पायाला चारच बोटं आहेत.

पुढे सुनबोकच्या डाव्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या तेव्हा तिने ते काम सोडलं आणि मळ काढायला शिकली. हाकशिम मात्र साठीपर्यंत ठोकत राहिली. पण दर आठवड्याला न चुकता ओकसेममध्ये यायची आणि किल्ली ओळीत लावायची. सुनबोक म्हणायची, "ताई, तुझी किल्ली कशाला ओळीत? ये, पड." आजी हात हलवून नको म्हणायची. ओळखीवर पुढे जाणं तिला आवडायचं नाही. फक्त म्हणायची, "पोरी, मला ऐकू यायचं नाही. तेवढं ये."

तेवढं ये. इतकंच तिचं मागणं होतं.

बेचाळीस नंबरचं झालं. सुनबोकने तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, पलंग धुतला. पुढची किल्ली त्रेचाळीस होती. तिने ती हातात घेतली, पण हाक मारली नाही. किल्ली परत खुंटीला लावली, हातमोजा काढला आणि गरम कुंडाकडे गेली. पाण्यात पाय घालून कोपऱ्यापर्यंत पोचली आणि गुलाबी टॉवेलवाल्या खांद्याला हात लावला.

"चल ताई, रुसू नकोस."

खांदा वळला. कुणी पन्नाशीची परकी बाई होती. "काय हो?" ती म्हणाली.

सुनबोक म्हणते, गरम पाण्यात उभी असून तिच्या पायांना गारठा आला.

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पहिली हाक मारली त्याला चाळीस मिनिटं होऊन गेली होती. त्याआधी आजी किती वेळ कुठे होती, कुणास ठाऊक. तिने थंड कुंड पाहिलं. शॉवरच्या ओळी पाहिल्या, वाकून एकेका स्टुलावरचा चेहरा पाहिला. भिंतीकडेच्या एका स्टुलावर आजीची टोपली होती. आत साबण, दात घासायचा ब्रश, आणि कपडे धुवायच्या पावडरचा जुना डबा कापून केलेलं तिचं तांब्याऐवजीचं भांडं. भांडं कोरडं होतं.

"ही टोपली कधीपासून अशी आहे?"

शेजारची मुलीला न्हाऊ घालत होती. "मी आल्यापासून आहे. असेल कुठेतरी, टोपली आहे ना."

टोपली आहे म्हणजे माणूस आहे. आम्ही सगळ्या असंच समजतो.

सुनबोक ओलेत्या अंगाने कपाटांच्या दालनात गेली. गल्ल्यावर युनहोची आई, म्हणजे न्हाणीघराची मालकीण, भाजलेली अंडी सोलून देत होती.

"हाकशिम ताई बाहेर गेली का?"

"अगं, फरशीवर पाणी! पुस आधी ते."

"गेली का नाही ते सांग."

"किल्ली कुणाकडे आहे? तुझ्याकडे. मग कपड्यांवाचून म्हातारी जाईल कुठे, भाजीबाजारात?" दोन-चार जणी हसल्या. युनहोच्या आईने सुनबोकच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. "नाही गं. नाही गेली. संडासात पाहिलंस?"

संडासात नव्हती. खालून तापवलेल्या फरशीवर चार म्हाताऱ्या निजल्या होत्या, त्यांत नव्हती. वाफेच्या खोलीत तिने हाताने वाफ बाजूला सारत बाकं चाचपली, तिथे दोन मुली होत्या. सुनबोक परत आत आली तेव्हा पलंगाजवळ रांगेतल्या बायका कुरकुरत होत्या.

"मावशी, त्रेचाळीस कधी घेणार?"

"आज घरी जाऊन मला शंभर वड्या तळायच्यात हो!"

ती त्यांच्यामधून वाट काढत पुढे गेली. एकच दार उरलं होतं.

त्या दाराआड मी होते.

लग्न होऊन मी माझा देश सोडून यंगदोला आले त्याला एकवीस वर्षं झाली. पहिल्यांदा इथे कपडे उतरवताना मी रडकुंडीला आले होते. आता या बायका मला पाठ घासायला बोलावतात आणि मी त्यांना. त्या सकाळी मातीच्या खोलीत आम्ही तिघी होतो. मी, बाजारात माशाच्या वड्या विकणारी सोन्हे आणि तिची नणंद. पिवळ्या मातीच्या भिंती, खाली पोत्याचं कापड, मंद तांबडा दिवा. बेताची धग असते, म्हणून लोक तिथे पडून राहतात. आम्ही भिंतीला टेकून, कुणाच्या सासूने किती खाणं करायला लावलंय याच्या गोष्टी सांगत होतो.

चौथी एकजण दारापाशी उताणी पडलेली होती. तोंडावर ओला टॉवेल. तिथे सगळे असेच पडतात, टॉवेल नसला तर नाक सुकतं. आम्ही आलो तेव्हा ती होतीच. तिची झोपमोड नको म्हणून आम्ही हळू बोलत होतो. सोन्हे मध्ये एकदा गार चहा आणायला उठली, तेव्हा तिच्या अंगावरून जायला नको म्हणून वळसा घालून गेली. इतकी आम्ही तिची काळजी घेतली.

दार उघडलं. सुनबोक मावशीने डोकं आत घातलं.

"हाकशिम ताई आहे का इथे?"

"नाही गं मावशी," सोन्हे म्हणाली. "आम्हीच आहोत."

"ही कोण?"

"कोण की. झोपलीय." आणि सोन्हेने ओठांवर बोट ठेवलं.

मावशीने दार लावून घेतलं.

मावशी नंतर म्हणाली, "मी तीन पावलं गेले. चेहरे शोधत होते ना मी. सकाळपासून चेहरे, चेहरे. आणि माझं काम कधी चेहऱ्यांचं होतं? मी माणसं पाठीवरून ओळखते, टाचांवरून ओळखते. दारातून पहिल्यांदा दिसले होते ते तळपाय. तिसऱ्या पावलाला माझ्या डोळ्यांनी ते मोजले. उजव्याला पाच. डाव्याला चार."

दार परत उघडलं ते भिंतीवर आपटलं. मावशी गुडघ्यांवर पडली आणि तिने तोंडावरचा टॉवेल ओढला. टॉवेल कधीच वाळून कडक झाला होता. आजीचा चेहरा विटेसारखा लाल होता आणि डोळे अर्धवट उघडे. मावशीने तिच्या छातीवर तळहात टेकला.

"घाम नाही," ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं स्वतःशीच बोलली. मग ओरडली, "घामच नाही हिला! उचला!"

आम्ही तिला उचललं नाही. मावशी म्हणाली ते कापडच धरा, तसं पोत्याचं कापड चार टोकांनी धरून तिला ओढत बाहेर आणलं. सोन्हे रडत होती आणि ओढत होती. मी ओढता ओढता देवाचं नाव घेत होते. आमच्या घरचं, लहानपणी तोंडात बसलेलं, तेच आलं तोंडात. दुसरं काही सुचलंच नाही.

बाहेर एकदम गोंगाट झाला. "थंड कुंडात टाका!" "नको, नको, धक्का बसेल!" "तांदळाचं पाणी पाजा!" मावशीने कुणाचंही ऐकलं नाही. आजीला थंड फरशीवर ठेवलं, डोकं मांडीवर घेतलं, काखेत, मानेखाली गार पाण्याने भिजवलेले टॉवेल कोंबले आणि आम्हाला सांगितलं, पाणी घाला, सारखं घाला, तोंडावर नको. युनहोच्या आईने रुग्णवाहिकेला फोन केला होता. ती दारातून ओरडत होती, "येताहेत! चढावर गाड्या अडकल्यात, पण येताहेत!"

आम्ही पाणी घालत होतो. आजीची छाती हलत होती की आमच्या पाण्याने तसं वाटत होतं, ते मला कळेना. मावशी वाकून तिच्या कानात बोलत होती. "ताई. ताई. ऐक ना." मग तिच्या ध्यानात आलं असावं की आपण कुणाच्या कानात बोलतोय. तिने आजीचं डोकं माझ्या मांडीवर दिलं. तिच्या कमरेशी बसली. तळहात पोकळ केला.

थाप-थाप.

नळ कुणीतरी बंद केले होते.

काही झालं नाही. मावशीने ओठ चावला आणि पुन्हा, जरा जोरात, जशी पलंगावर मारते तशी मारली. थाप-थाप.

माझ्या मांडीवरचं डोकं जड होतं. ते हललं. आधी मान, मग उजवा खांदा फरशीवरून बोटभर उचलला आणि परत पडला. मग परत उचलला. डोळे मिटलेले, तोंड वेडंवाकडं, कशाचीही शुद्ध नाही, आणि म्हातारी वळायचा प्रयत्न करत होती. कुशीवर. जसं दर आठवड्याला वळायची तसं.

"वळतेय," सोन्हे म्हणाली. "मावशी, वळतेय गं ती."

"वळू दे," मावशी म्हणाली आणि तिला दोन्ही हातांनी आधार देऊन कुशीवर केलं. आजीच्या तोंडातून थोडं पाणी आलं. मग एक श्वास आला, खरखरीत, जुनं दार ओढल्यासारखा. मग दुसरा.

बाहेर बुटांचे आवाज आले. "पुरुष येताहेत! पुरुष येताहेत!" कुणीतरी ओरडलं आणि उघड्या बायकांची पळापळ झाली. टॉवेल हातभर लांब, त्यात काय झाकणार? मावशीने तिकडे पाहिलंही नाही. आजीला झाकायला ती काहीतरी शोधत होती. तेवढ्यात बेचाळीस नंबर कपाटांकडून धावत आली. तिच्या हातात तिचा स्वतःचा थंडीचा लांब कोट होता, चांगला लोकरीचा. तिने तो ओल्या म्हातारीवर पसरला आणि बुटांसकट आत आलेल्या माणसांसमोर स्वतः तशीच उभी राहिली, हाताने वाट दाखवत. "इकडे, इकडे. घसरतंय, सांभाळून."

ती माणसं आजीला घेऊन गेली. सुनबोक काळ्या काचोळी-चड्डीवर कुणाचंतरी स्वेटर चढवून, पायात न्हाणीघराच्या रबरी चपला घालून त्यांच्याबरोबर गाडीत बसली. बाहेर बर्फाळ वारा होता. जाताना तिने मागे वळून भिंतीकडे बोट केलं. मला कळलं. मी शेवटच्या खुंटीवरची किल्ली काढून युनहोच्या आईला दिली. सदतीस नंबरच्या कपाटात आजीचा फोन होता, त्यावरून तिच्या मुलीला कळवलं. कपाटात आणखी एक डबा होता, कापडात बांधलेला. तळलेल्या माशाच्या आणि भोपळ्याच्या चकत्या, सुनबोकसाठी. सगळी रात्र तव्यापुढे उभी राहून कंबर धरली असेल, म्हणूनच आजी त्या दिवशी पाण्यात न बसता मातीत जाऊन पडली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

त्या दिवशी पुढे कुणाचाच मळ निघाला नाही. आम्ही तशाच घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तशाच पूर्वजांपुढे उभ्या राहिलो. मी दिव्यापुढे हात जोडले तेव्हा माझ्या मनात आमचे पूर्वज नव्हते. आम्ही चाळीस मिनिटं तिच्या शेजारी बसून हळू आवाजात हसत होतो, एवढंच होतं.

तीन दिवस आजी कुणाला ओळखत नव्हती. चौथ्या दिवशी ओळखायला लागली. मी सुनबोकबरोबर दवाखान्यात गेले होते. सहा खाटांची खोली, प्रत्येक खाटेशी दोन नातेवाईक. आजीशी बोलायचं तर तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं.

आजीने सुनबोककडे पाहिलं. "मला हाक मारलीस का?"

सुनबोकला नुसतं हो म्हणून सुटता आलं असतं. ती वाकली. "मारली! तीन!"

"मला ऐकू येत नाही."

"माहीत होतं!"

"काय?"

"मला माहीत होतं, ताई! माहीत असून मारली! उठून नाही आले!" सगळी खोली वळून पाहायला लागली. नर्स दारात आली. सुनबोक थांबली नाही, तिला थांबताच येईना. "किल्ली मागे टाकली मी तुझी! रागात!"

आजीने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "कुणाचा राग?"

"त्या चष्मेवालीचा!"

"तिचा कोट कुठाय?"

"काय?"

"कोट. पोर म्हणाली चष्मेवालीचा कोट होता माझ्यावर. भिजला असेल. धुवून दे तिचा." आणि मग जरा वेळाने, डोळे मिटून, "पायाचं बोट गेलं तेव्हा मी तुला काही बोलले का?"

"शंभरदा बोललीस!" सुनबोक ओरडली. आता ती रडत होती. "सत्तेचाळीस वर्षं बोलतेयस!"

"मग हेही बोलेन," आजी म्हणाली. "जगले तर."

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. नर्सने आम्हाला हळू बोलायला सांगितलं.

सुनबोक तिसऱ्या आठवड्यात कामावर आली. खुंट्या तशाच आहेत, तीन हाकांचा नियमही तसाच आहे. पण तिसरी हाक झाली आणि बाई आली नाही की ती हातमोजा काढते, पलंगावरच्या बाईला तसंच अर्धं घासलेलं ठेवते आणि जाऊन बघते. सापडली की परत येते आणि मगच तिची किल्ली मागे लावते. आणि मातीच्या खोलीत दर अर्ध्या तासाने डोकं घालते. जी कुणी तोंडावर टॉवेल घेऊन पडली असेल, तिचा टॉवेल उचलते. बायका जाम चिडतात.

"अहो मावशी, आत्ता कुठे डोळा लागत होता!"

"लागू दे. नाव सांग आणि झोप."

चेरीचा बहर गळून गेल्यावर हाकशिम आजी परत आली. काठी घेऊन, मुलीचा हात धरून. गल्ल्यावर युनहोच्या आईने सदतीस नंबरची किल्ली आधीच बाजूला काढून ठेवली होती. सुनबोकने तिला पाहिलं आणि पलंगावरची बाई उठवायला निघाली, तर आजीने काठी वर केली. किल्ली घोट्यातून काढायला तिला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही, करू दिली नसती. तिने ती ओळीच्या शेवटी लावली, तिच्यापुढे सहा जणी होत्या.

मग ती मातीच्या खोलीत गेली. मुलगी नको नको म्हणत होती, ती काही ऐकायची नाही, आणि तिला ऐकू येतही नाही. दारापाशी त्याच जागी पडली, तोंडावर ओला टॉवेल घेतला. मुलगी शेजारी बसली, मीही जाऊन बसले. दहाच मिनिटं झाली असतील, दार उघडलं. सुनबोकचं डोकं आत आलं. ती वाकून टॉवेलला हात घालणार तेवढ्यात बाहेरची गार हवा आजीच्या तळपायांना लागली असावी.

टॉवेलखालून आवाज आला नाही. डाव्या पायाची चार बोटं तेवढी हलली, एकदा पुढे, एकदा मागे.

सुनबोक तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली, दार लावून घेतलं, आणि बाहेर तिने आरोळी दिलेली आम्हाला ऐकू आली. "एकतीस!"